वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातील गोरे साथी : पश्चात्ताप, त्याग आणि क्षमेचा प्रश्न

वर्णभेदाच्या राजवटीत केवळ जन्मामुळे लाभार्थी ठरलेल्या माणसाने त्याच राजवटीविरुद्धच्या लढ्यात उतरावे काय, आणि उतरल्यास तेथे त्याचे स्थान कोणते, हा विसाव्या शतकातील ख्रिस्ती नीतिविचारापुढचा एक अवघड प्रश्न होता. दक्षिण आफ्रिकेत तो अतिशय तीव्रपणे उभा राहिला. १९४८ साली तेथे नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि आधीपासून चालत आलेल्या भेदाभेदाला त्याने कायद्याची भरभक्कम चौकट दिली. १९४९ मध्ये गोरे आणि बिगरगोरे यांच्यातील विवाहांवर बंदी आली. १९५० च्या कायद्यांनी प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद होऊ लागली आणि कोणी कोणत्या वस्तीत राहायचे हे सरकार ठरवू लागले. १९५३ च्या कायद्याने काळ्या मुलांचे शिक्षण वेगळे आणि निकृष्ट केले. लोकसंख्येत सुमारे एक पंचमांश असलेल्या गोऱ्यांच्या हाती राजसत्ता, चांगल्या शाळा आणि बहुतेक जमीन राहिली. बहुसंख्य आफ्रिकनांसाठी राखून ठेवलेली जमीन सुमारे १३ टक्के होती.

या व्यवस्थेत गोऱ्या माणसाने स्वतः कोणावर हात उगारला नाही, तरी अन्यायाचे फळ त्याच्या पदरात पडतच होते. त्याचे घर, त्याची नोकरी, त्याच्या मुलांची शाळा या साऱ्यांत दुसऱ्याचा हिरावलेला वाटा होता. त्यामुळे तीन प्रश्न उभे राहिले. न मागता मिळालेल्या लाभाबद्दल माणूस दोषी ठरतो का? ठरत असेल, तर त्याचे प्रायश्चित्त काय? आणि ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्या लढ्यात अशा माणसाने पुढे राहावे, बरोबरीने चालावे की मागे उभे राहावे? ग्रंथांत या प्रश्नांची तयार उत्तरे नव्हती. काही माणसांनी आपल्या जगण्यातून ती शोधली, आणि त्यांतील काही उत्तरे चुकलीही.

धर्माने दिलेला आधार

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाला धर्माचे अधिष्ठान होते, आणि हे अधिष्ठान हळूहळू रचले गेले. मुख्यतः डच वंशाच्या आफ्रिकानर समाजाच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप येथील सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, १८२९ साली निर्णय दिला होता, की प्रभुभोजन सर्व सभासदांना रंगाचा वा कुळाचा भेद न करता एकत्रच दिले जावे. १८५७ च्या सिनॉडने तेच तत्त्व शास्त्रसंमत मानले, पण काही जणांच्या ‘दुर्बलते’साठी वेगळ्या उपासनेला मुभा दिली. ही दुर्बलता गोऱ्यांची होती : काळ्या माणसाशेजारी बसून भाकर आणि द्राक्षारस घेणे त्यांना जड जात होते. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी स्वतंत्र चर्च निघाले. माणसाच्या कमकुवतपणाला दिलेली सवलत पुढच्या पिढ्यांत रीत बनली आणि शेवटी त्या रीतीचा सिद्धान्त झाला.

या सिद्धान्तासाठी बायबलमधील वचनेही पुढे करण्यात आली. उत्पत्तीच्या पुस्तकातील बाबेलच्या बुरुजाची कथा, म्हणजे देवाने भाषांची गल्लत करून माणसांना पांगवल्याची हकिकत, वेगळे राहण्याची दैवी आज्ञा म्हणून सांगितली गेली. प्रेषितांच्या कृत्यांत राष्ट्रांच्या सीमा देवाने ठरवल्याचा उल्लेख आहे. तोही याच कामी आला, पण त्याच वाक्यात सर्व माणसे एकापासूनच निर्माण झाल्याचे म्हटले आहे, याकडे दुर्लक्ष झाले. १९४८ साली पंतप्रधान झालेले डी. एफ. मलान हे स्वतः याच चर्चचे पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक होते. अशा स्थितीत वर्णभेदाला विरोध करणाऱ्या गोऱ्या आस्तिकाचा झगडा केवळ सरकारशी उरत नव्हता. ज्या व्यासपीठावरून त्याला देवाचे वचन ऐकू येत होते, त्या व्यासपीठाशीच त्याला भांडावे लागत होते.

सत्याग्रहाचा वारसा

गोऱ्या साथींची परंपरा १९४८ च्या आधीची आहे, आणि तिच्या एका धाग्याचे टोक महाराष्ट्रापर्यंत येते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. पुढच्या वर्षी गांधीजींचा सत्याग्रह आणि मजुरांचा संप पेटला, तेव्हा गोखल्यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजातील इंग्रज धर्मगुरू चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज आणि त्यांचे मित्र विल्यम पिअर्सन तिकडे गेले. जानेवारी १९१४ मध्ये डर्बनच्या धक्क्यावर उतरताच अँड्र्यूज यांनी वाकून गांधीजींच्या पायांना हात लावला. तेथील गोऱ्यांना हे असह्य झाले. गोऱ्या माणसाने, त्यातही धर्मगुरूने, सर्वांदेखत एका हिंदी माणसापुढे वाकावे, याने त्यांच्या जगाची उतरंडच हलली. गांधीजींना स्थानिक गोरे साथीही होते. वास्तुविशारद हरमान कॅलनबाख यांनी १९१० मध्ये सुमारे ११०० एकरांची जमीन टॉलस्टॉय फार्मसाठी दिली, आणि १९१३ च्या लढ्यात ते आणि हेन्री पोलक तुरुंगात गेले. मात्र हा लढा हिंदी लोकांच्या हक्कांपुरता होता. आफ्रिकन बहुसंख्यांचा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता, आणि ही मर्यादा मान्य करूनच त्याचे मोल ठरवले पाहिजे.

१९४६ मध्ये हिंदी लोकांच्या जमीनमालकीवर निर्बंध घालणाऱ्या कायद्याविरुद्ध डर्बनमध्ये पुन्हा सत्याग्रह झाला. सत्याग्रही मोकळ्या जागेत तळ देऊन बसत आणि गोऱ्या गुंडांच्या टोळ्या त्यांना मारहाण करत. अँग्लिकन धर्मगुरू मायकेल स्कॉट या सत्याग्रहींत सामील झाले आणि त्यांना तीन महिन्यांची कैद झाली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षे भारतात काम केलेले स्कॉट मुंबईच्या बिशपांकडेही धर्मसेवेत होते. पुढे त्यांनी नैर्ऋत्य आफ्रिकेतील (आजच्या नामिबियातील) हेरेरो लोकांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. वर्णभेदी कायदे जाणूनबुजून मोडण्याच्या १९५२ च्या अवज्ञा मोहिमेत पॅट्रिक डंकन हे माजी गव्हर्नर जनरलचे चिरंजीव कुबड्यांवर चालत परवान्याशिवाय जर्मिस्टनच्या काळ्या वस्तीत शिरले. त्यांच्यासोबत गांधीजींचे पुत्र मणिलाल गांधी होते.

या सर्वांनी एक गोष्ट आचरणातून दाखवली. कायदा ज्या जागी एखाद्याला जाऊ देत नाही, त्या जागी ज्याला जाता येते त्याने स्वतःहून जाणे आणि तिथल्या माणसाची शिक्षा आपल्यावर घेणे, ही सोबतीची पहिली पायरी होय.

शेजारधर्म : ट्रेव्हर हडलस्टन

ट्रेव्हर हडलस्टन हे इंग्लंडमधील ‘कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शन’ या संन्यस्त संघाचे धर्मगुरू १९४३ मध्ये जोहान्सबर्गच्या सोफायाटाउन या वस्तीत आले. सोफायाटाउन ही काळ्यांना स्वतःच्या मालकीने घरे घेता येत असलेल्या मोजक्या वस्त्यांपैकी एक होती. हडलस्टन यांच्याविषयी पुढे आर्चबिशप झालेले डेस्मंड टुटू एक आठवण नेहमी सांगत. टुटूंची आई घरकाम आणि स्वयंपाक करून पोट भरणारी बाई. टुटू लहानपणी तिच्याबरोबर असताना लांब झग्यातील एक गोरा धर्मगुरू जवळून गेला आणि त्याने आपली टोपी उचलून तिला अभिवादन केले. गोरा माणूस काळ्या मोलकरणीला असा मान देतो, हे त्या मुलाने कधी पाहिले नव्हते. पुढे क्षयाने आजारी पडून टुटू दीर्घकाळ रुग्णालयात होते, तेव्हा हडलस्टन त्यांना नेमाने भेटायला येत. टोपी उचलण्याने एकही कायदा बदलला नाही. पण ज्या व्यवस्थेचा सारा डोलारा काळ्या माणसाला माणूस न मानण्यावर उभा होता, तिचे मूळ गृहीतक त्या साध्या रीतीने नाकारले गेले.

फेब्रुवारी १९५५ मध्ये सशस्त्र पोलिसांच्या बंदोबस्तात सोफायाटाउन रिकामे करायला सुरुवात झाली. ती वस्ती पाडून तेथे गोऱ्यांसाठी उपनगर उभारले गेले आणि त्याला ‘विजय’ या अर्थाचे आफ्रिकान्स नाव मिळाले. हडलस्टन विस्थापितांच्या बाजूने शेवटपर्यंत उभे राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये क्लिपटाउन येथे लोकपरिषद भरली. देश त्यात राहणाऱ्या सर्व काळ्यागोऱ्यांचा आहे, अशी भूमिका तेथील स्वातंत्र्यसनदेने घेतली. त्या परिषदेत ‘इसितवालांद्वे’ हा चळवळीचा सर्वोच्च सन्मान आफ्रिकन नेते अल्बर्ट लुथुली, हिंदी नेते युसूफ दादू आणि हडलस्टन यांना देण्यात आला.

हडलस्टन यांच्या वाट्याला एक नैतिक पेचही आला. १९५३ च्या शिक्षण कायद्यानंतर मिशनशाळांपुढे प्रामुख्याने दोन वाटा होत्या : शाळा सरकारच्या ताब्यात द्यायची किंवा ती बंद करायची. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पुढचे नेते ऑलिव्हर टांबो ज्या शाळेत शिकले ती रोझेटेनव्हिलची सेंट पीटर्स शाळा हडलस्टन यांच्या संघाने बंद केली. गुलामीचे शिक्षण देण्यात आपला हात लागू नये, ही त्यामागची भावना होती. केप टाउनचे आर्चबिशप जेफ्री क्लेटन यांना हे पटत नव्हते. निकृष्ट का होईना, मुलांना शाळा असावी, असे त्यांचे मत होते. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. सद्सद्विवेक शुद्ध राखण्याची किंमत जेव्हा स्वतःला नव्हे तर दुसऱ्याच्या मुलांना मोजावी लागते, तेव्हा त्या शुद्धतेचा अधिकार कितपत उरतो? गोऱ्या साथीच्या प्रत्येक तत्त्वनिष्ठ कृतीला ही कसोटी लावावी लागते.

क्लेटन स्वतः सावध स्वभावाचे होते. हडलस्टन यांची आणि स्कॉट यांची आंदोलनाची रीत त्यांना मानवत नसे. पण १९५७ मध्ये गोऱ्या भागातील चर्चमध्ये काळ्यांना उपासनेला येण्यास मनाई करण्याचा अधिकार मंत्र्याला देणारे विधेयक आले. तेव्हा हा कायदा आम्ही पाळू शकत नाही आणि आमच्या लोकांना पाळा असे सांगूही शकत नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी पंतप्रधानांना लिहिले. राखेच्या बुधवारी, ६ मार्च रोजी त्यांनी त्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. धर्मस्थळाचे दारच बंद होऊ लागले, तेव्हा सावध माणसालाही मधली वाट उरली नाही.

स्वजनांशी फारकत : बेयर्स नौदे

हडलस्टन आणि स्कॉट बाहेरून आलेले होते. बेयर्स नौदे आतले होते, आणि म्हणून त्यांचे उदाहरण या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते. त्यांचा जन्म १९१५ चा. त्यांचे वडील ब्रूडरबाँड या आफ्रिकानरांच्या प्रभावशाली संघटनेच्या संस्थापकांपैकी होते. ही संघटना पुढे गुप्तपणे काम करू लागली. नौदे १९४० मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिचे सभासद झाले. धर्मोपदेशक म्हणून त्यांची चढती कमान होती, आणि आपल्या समाजाचे नेतृत्व त्यांच्याकडे येणार असे मानले जाई.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे काळ्यांना जवळ बाळगाव्या लागणाऱ्या पासच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात ६९ जण मेले. डिसेंबरमध्ये जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकाराने जोहान्सबर्गच्या कॉट्सलो भागात चर्चची बैठक झाली. वंशामुळे कोणालाही कोणत्याही चर्चबाहेर ठेवता येणार नाही आणि मिश्रविवाहबंदीला शास्त्राधार नाही, असे तेथील निवेदनात म्हटले होते. डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनीही ते मान्य केले. पंतप्रधान हेन्ड्रिक फेरवूर्ट यांची नाराजी उघड होताच त्या चर्चच्या सिनॉडांनी निवेदन झिडकारले. बहुतेक प्रतिनिधी नमले. नौदे नमले नाहीत. त्यांनी ब्रूडरबाँड सोडले, आणि १९६३ मध्ये वंशभेद न मानणारी ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’ स्थापण्यात पुढाकार घेतला. चर्चने त्यांना निवड करायला सांगितली : एकतर संस्थेचे संचालकपद, नाहीतर धर्मोपदेशकाचा दर्जा. २२ सप्टेंबर १९६३ रोजी जोहान्सबर्गच्या आस्फोएलकॉप येथील आपल्या सुखवस्तू मंडळीपुढे त्यांनी प्रवचनातून धर्मोपदेशकपद सोडण्याचा निर्णय सांगितला. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातील वचन त्यांनी विषयासाठी घेतले होते.

त्यानंतर त्यांचे मित्र तुटले, नातेवाइकांनी पाठ फिरवली, आणि ज्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतले होते त्याने त्यांना देशद्रोही ठरवले. १९७७ मध्ये ख्रिश्चन इन्स्टिट्यूटवर बंदी आली आणि नौदे यांच्यावर सात वर्षांसाठी निर्बंध लादले गेले. एका वेळी एकाहून अधिक माणसांना त्यांना भेटता येत नसे, आणि त्यांचे शब्द कोणाला छापता येत नसत. १९८० मध्ये त्यांनी गोऱ्यांचे चर्च सोडून त्याच परंपरेतील काळ्यांच्या चर्चचे सभासदत्व घेतले. १९८५ मध्ये टुटूंनंतर दक्षिण आफ्रिकी चर्च परिषदेचे सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले.

नौदे यांच्या वाटचालीत ख्रिस्ती अर्थाने पश्चात्ताप आहे. पश्चात्ताप म्हणजे हळहळ नव्हे. चालत असलेली वाट सोडून उलट्या दिशेने वळणे होय. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत बाहेरच्या हितचिंतकाला मोजावी लागत नाही. हडलस्टन यांना त्यांच्या संघाने १९५६ मध्ये इंग्लंडला परत बोलावले, आणि परतायला त्यांना देश होता. नौदे यांना परतायला जागा नव्हती. त्यांनी आपले सर्वांत कठीण काम आपल्याच माणसांत केले, आपल्याच भाषेत त्यांना त्यांचे पाप सांगितले. ज्या समाजाने अन्याय उभा केला, त्या समाजाला आतून जाब विचारण्याचा अधिकार आणि भार दोन्ही त्यांच्याकडे होते.

स्टीव्ह बिको यांचा आक्षेप

गोऱ्या साथीच्या भूमिकेची सर्वांत कठोर चिकित्सा काळ्या विचारवंतांनी केली, आणि ती या चर्चेतील सर्वांत मोलाची भर आहे. १९५९ मध्ये पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस आफ्रिकन नॅशनल काँग्रेसपासून वेगळी झाली, त्यामागे गोऱ्या आणि हिंदी सहकाऱ्यांच्या प्रभावाबद्दलची नाराजी हेही एक कारण होते. पुढे वैद्यकीय विद्यार्थी स्टीव्ह बिको यांनी हा विचार तात्त्विक पातळीवर नेला. १९६७ मध्ये ग्रॅहम्सटाउन येथे उदारमतवादी विद्यार्थी संघटनेचे अधिवेशन झाले. विद्यापीठाने काळ्या प्रतिनिधींना वसतिगृहात राहू दिले नाही. संघटनेने नापसंती व्यक्त केली, पण अधिवेशन चालूच ठेवले. अधिवेशन तहकूब करावे अशी बिको यांची सूचना होती, ती मान्य झाली नाही. ठरावात समता होती, पण रात्री झोपायची वेळ आली तेव्हा गोरे प्रतिनिधी वसतिगृहात गेले आणि काळे दुसरीकडे. १९६९ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली.

बिको यांचा आक्षेप असा होता : गोरा उदारमतवादी दोन्ही बाजूंचे फायदे घेतो. तो लाभही उपभोगतो आणि त्याविरुद्ध बोलण्याचे समाधानही मिळवतो. काळ्यांच्या सभेत तो अध्यक्ष असतो, त्यांच्या दुःखाची भाषा तोच ठरवतो, आणि त्यांनी रागवायचे किती हेही तोच सांगतो. परिणामी काळा माणूस आपल्याच मुक्तीत प्रेक्षक बनतो. गोऱ्यांचे खरे काम गोऱ्या समाजात आहे. वर्णभेद हा मूलतः गोऱ्यांचा रोग आहे, आणि तो त्यांनी आपल्या घरात जाऊन बरा करावा.

हा आक्षेप अनेक उदारमतवाद्यांच्या जिव्हारी लागला. काहींनी त्याला उलटा वर्णद्वेष म्हटले. पण ख्रिश्चन इन्स्टिट्यूटने तो मनावर घेतला. संस्थेने चर्च परिषदेबरोबर चालवलेल्या उपक्रमातून काळ्यांच्याच हाती असलेल्या समाजकार्याला साहाय्य मिळाले, आणि स्वतः बिको यांनी त्यात काम केले. देणारा पैसे देतो आणि सूत्रेही सोडतो, हे अशा संबंधांत क्वचित घडते. डर्बनचे तत्त्वचिंतक रिक टर्नर यांनी याच उपक्रमासाठी १९७२ मध्ये ‘द आय ऑफ द नीडल’ हे पुस्तक लिहिले. गोरे लोकही आपल्या सुखाचे गुलाम आहेत, आणि दुसऱ्यावर सत्ता गाजवून जगणाऱ्या माणसाला मुक्त माणूस म्हणता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जानेवारी १९७८ मध्ये त्यांच्या घरी त्यांच्यावर गोळी झाडून त्यांची हत्या झाली. त्याच्या चार महिने आधी बिको पोलीस कोठडीत मारले गेले होते.

‘ब्लॅक सॅश’ या गोऱ्या स्त्रियांच्या संघटनेचा प्रवासही याच दिशेने झाला. १९५५ मध्ये ती स्थापन झाली ती मिश्रवंशीयांचा मताधिकार काढून घेण्यासाठी राज्यघटनेत होत असलेल्या ढवळाढवळीविरुद्ध. खांद्यावर काळी पट्टी बांधून या स्त्रिया मंत्र्यांच्या मार्गावर मूकपणे उभ्या राहत. पुढे त्यांनी पास कायद्याखाली पकडलेल्यांसाठी सल्ला केंद्रे चालवली. पासवर शिक्का नाही म्हणून नवऱ्यापासून दूर धाडलेली बाई, कामावरून काढलेला मजूर, मूल हरवलेली आई अशी माणसे तेथे रांगेत येत, आणि त्यांच्या कागदपत्रांचा पाठपुरावा करणे हे या स्त्रियांचे रोजचे काम बनले. घटनेच्या प्रतिष्ठेसाठी सुरू झालेली चळवळ माणसाच्या रोजच्या अडचणीपाशी येऊन पोहोचली.

धर्माबाहेरचे साथी आणि हिंसेचा प्रश्न

सर्व गोरे साथी आस्तिक नव्हते. ब्रॅम फिशर हे मोठ्या आफ्रिकानर घराण्यातील नामांकित वकील आणि कम्युनिस्ट होते. घातपाताच्या आरोपावरून चाललेल्या १९६३-६४ च्या रिव्होनिया खटल्यात त्यांनी नेल्सन मंडेला आणि सहआरोपींचे वकीलपत्र घेतले. पुढे त्यांनाच अटक झाली, आणि १९६६ मध्ये जन्मठेप झाली. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. डेनिस गोल्डबर्ग हे रिव्होनिया खटल्यात शिक्षा झालेले एकमेव गोरे होते. त्यांना मंडेलांबरोबर रॉबेन बेटावर पाठवले गेले नाही. गोऱ्या कैद्यांसाठी प्रिटोरियात वेगळा तुरुंग होता. लढ्यात एकत्र असलेली माणसे तुरुंगातही रंगानुसार वेगळी ठेवली गेली.

अहिंसेचे मार्ग बंद होत गेल्यावर काहींनी शस्त्राची वाट धरली. जुलै १९६४ मध्ये जॉन हॅरिस या तरुण शिक्षकाने जोहान्सबर्ग रेल्वे स्थानकावर बाँब ठेवला. त्याने इशारा दिला होता, पण स्थानक रिकामे केले गेले नाही, आणि एका वृद्ध स्त्रीचा जीव गेला. १९६५ मध्ये हॅरिस यांना फाशी झाली. दुसऱ्याच्या दुःखाने पेटलेला राग निरपराध जीव घेण्यापर्यंत पोहोचू शकतो, हे या घटनेने दाखवले. अन्यायाची चीड खरी असली तरी तिच्या नावाने घेतलेला जीव परत येत नाही, आणि त्याचे उत्तर देणे कोणालाही टळत नाही. नौदे स्वतः अहिंसेच्या बाजूने राहिले, पण शस्त्र उचललेल्यांना त्यांनी सुरक्षित जागी बसून दोष दिला नाही. ज्याला मार पडत नाही त्याने मार खाणाऱ्याला संयमाचे पाठ देऊ नयेत, ही त्यांची दृष्टी होती.

पाखंड आणि खोटा समेट

वर्णभेद हा राजकीय मतभेदाचा विषय आहे की श्रद्धेचाच, हा धर्मशास्त्रीय प्रश्न १९७७ च्या सुमारास टोकाला गेला. त्या वर्षी दार-ए-सलाम येथे ल्युथरन जागतिक महासंघाने वर्णभेद नाकारणे ही श्रद्धेची बाब असल्याचे जाहीर केले. ऑगस्ट १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे शास्त्राधारे समर्थन करणे हे पाखंड असल्याचे घोषित केले. दक्षिण आफ्रिकेतील दोन गोऱ्या चर्चांचे सभासदत्व स्थगित झाले, आणि तेथील मिश्रवंशीयांच्या चर्चचे धर्मोपदेशक ॲलन बुसाक संघाचे अध्यक्ष झाले. मिश्रवंशीयांच्या चर्चने त्याच वर्षी बेलहार विश्वासांगीकाराचा मसुदा केला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. या साऱ्यात १९३४ च्या जर्मनीतील बार्मेन घोषणापत्राची छाया होती. नाझींच्या काळात तेथील काही ख्रिस्त्यांनी श्रद्धा आणि सत्ता यांची सरमिसळ नाकारली होती, आणि नौदे यांनी त्यातून प्रेरणा घेतली होती.

१९८५ च्या आणीबाणीच्या काळात दीडशेहून अधिक धर्मशास्त्रज्ञांनी ‘कैरोस’ दस्तऐवजावर सह्या केल्या. काळे धर्मोपदेशक फ्रँक चिकाने यांच्याबरोबर गोरे डोमिनिकन धर्मगुरू अल्बर्ट नोलन यांचाही त्यात वाटा होता. नोलन यांची १९८३ मध्ये आपल्या जागतिक संघाच्या प्रमुखपदी निवड झाली होती. ते पद न स्वीकारता ते दक्षिण आफ्रिकेतच राहिले. त्या दस्तऐवजाने सत्तेला आशीर्वाद देणाऱ्या धर्मशास्त्रावर टीका केलीच, पण दोन्ही बाजूंना सारखाच उपदेश करून समेटाचे आवाहन करणाऱ्या चर्चवरही केली. न्याय न होता होणारा समेट हा समेट नसून अन्यायाला मिळालेली मुदतवाढ असते, असे त्याचे म्हणणे होते. मध्यम मार्गाने जाणाऱ्या अनेक गोऱ्या सज्जनांना हे बोचले, कारण आपण कोणाचीच बाजू घेत नाही यातच ते आपले सौजन्य मानत होते.

कबुली आणि क्षमा

नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टनबर्ग येथे देशभरातील चर्चची परिषद झाली. डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी आपले स्वतःचे, आपल्या चर्चचे आणि आफ्रिकानर समाजाचे पाप कबूल केले. टुटू उठले आणि त्यांनी ती कबुली स्वीकारून क्षमा दिली. लगेच दोन्हीकडून प्रश्न आले. माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी कबुलीला विरोध केला. काही काळ्या प्रतिनिधींनी विचारले, की सर्वांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार टुटूंना कोणी दिला?

हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये अपराधाचे चार प्रकार सांगितले होते : कायद्याने शिक्षा होणारा गुन्हा, नागरिक म्हणून वाट्याला येणारी राजकीय जबाबदारी, स्वतःच्या विवेकापुढचा नैतिक दोष, आणि माणसाने माणसाला साथ दिली नाही म्हणून देवापुढे उभा राहणारा अपराध. योंकर यांची कबुली दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारची होती, आणि ती समाजाच्या वतीने देता येते. पण ज्याचा मुलगा मारला गेला, त्याच्या वाट्याची क्षमा दुसरा कोणी देऊ शकत नाही. १९९६ पासून काम करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने हा भेद ओळखला. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याचे सर्व सत्य उघड केल्यास गुन्हेगाराला माफी मिळू शकत होती. पश्चात्तापाची अट नव्हती, कारण पश्चात्ताप कायद्याने मागता येत नाही. मायकेल लॅप्सली या वर्णभेदविरोधी धर्मगुरूंनी १९९० मध्ये पत्रबाँबने दोन्ही हात आणि एक डोळा गमावला. पुढे ते दुखावलेल्यांना आपले दुःख बोलून दाखवता यावे यासाठी काम करत राहिले. जखम बांधण्यापूर्वी ती उघडी पाहावी लागते, हे त्यांचे आयुष्य सांगते.

निष्कर्ष

न मागितलेल्या लाभाने माणूस गुन्हेगार ठरत नाही, पण जबाबदार ठरतो, आणि जबाबदारीला तीन अंगे आहेत. तिची किंमत स्वतः मोजावी लागते. आपल्याच समाजाला जाब विचारणे, हे अशा माणसाचे पहिले काम असते. आणि लढ्याची दिशा, वेग व क्षमेचा अधिकार पीडितांकडेच ठेवावा लागतो. अँड्र्यूज, हडलस्टन, नौदे, टर्नर आणि ब्लॅक सॅशच्या स्त्रिया यांनी ही अंगे कमीअधिक प्रमाणात आपलीशी केली. त्यांची संख्या कधीच मोठी नव्हती. १९४८ ते १९८९ या काळातील प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक नॅशनल पक्षानेच जिंकली.

वर्णभेदाचा पाडाव काळ्या जनतेने केला. ते श्रेय गोऱ्या साथींना देणे म्हणजे बिको यांनी दाखवलेली चूक पुन्हा करणे होय. तरी या थोड्या माणसांनी एक गोष्ट पक्की सिद्ध केली : जन्माने मिळालेली बाजू ही माणसाची शेवटची बाजू नसते, आणि ती बदलण्याचा मार्ग नेहमी स्वतःच्या घरातून सुरू होतो.